मुलांच्या पडद्यावरील राजधर्म

राजा कोणास म्हणावें, या प्रश्नाची चर्चा राजनीतीच्या ग्रंथांतून पुष्कळ झालेली आहे. तोच प्रश्न जपानांतील मुलांच्या एका मालिकेनें रविवारच्या सकाळीं विचारावा, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ‘ओसामा सेंताई किंग-ओजर’ हें तिचें नांव. तोएई कंपनीनें निर्मिलेली ही पन्नास भागांची मालिका ५ मार्च २०२३ पासून २५ फेब्रुवारी २०२४ पर्यंत ‘टीव्ही आसाही’वरून दाखविली गेली.

‘सेंताई’ म्हणजे लढाऊ पथक. चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेंतून १९७५ सालीं ‘गोरेंजर’ ही मालिका निघाली आणि तिनें एक सांचा घालून दिला. पांच वीर, पांच रंगांचे पोषाख, दर आठवड्यास एक नवा शत्रु, असा तो सांचा. पुढें त्यांत अजस्र यंत्रमानवाच्या झुंजीची भर पडली. तांबड्या पोषाखाचा वीर हा बहुधा नायक. इतरांनीं त्याच्या मागें चालावयाचें. खेळण्यांची विक्री हाही या मालिकांचा उघड हेतु असतो. परंपरेंतील या सत्तेचाळिसाव्या मालिकेंत हें सर्व आहेच. परंतु येथील वीर हे कोणाच्या हुकमांतले शिपाई नसून आपापल्या देशाचे राजे आहेत.

यंत्रविद्येंत पुढारलेल्या एन्कोसोपाचा यान्मा, वैद्यक व कला यांचें माहेरघर असलेल्या इशाबानाची राणी हिमेनो, आणि प्रजेच्या अन्नासाठीं खोटें बोलण्यासही न कचरणारा तोफूचा कागुरागी, यांचे स्वभाव परस्परांस छेद देणारे आहेत. बर्फाळ गोक्कानच्या रिटाकडे सर्व राष्ट्रांचें न्यायदान आहे. म्हणून तेथें मैत्रीसही निःपक्षपातीपणाची मर्यादा पडते.

पांचवा गिरा हा मात्र प्रारंभीं राजा नाहीं. तो अनाथालयांत वाढलेला तरुण आहे. शुगोद्दामचा राजा राक्लेस प्रजेस केवळ साधन समजतो, हें त्याच्याच तोंडून ऐकल्यावर गिरा त्याच्यावर शस्त्र उचलतो. आपल्यामुळें अनाथ मुलांवर आंच येऊं नये म्हणून तो स्वतःस ‘दुष्ट राजा’ म्हणवून घेतो आणि द्रोहाचा कलंक एकट्याच्या माथीं घेतो. मालिकेचें मर्म येथेंच आहे. मुकुट नसलेला मनुष्य प्रजेसाठीं आपली कीर्ति खर्चीं घालतो. तेव्हां राजपद हें जन्मानें मिळतें, कीं अशा त्यागानें? पुढें राक्लेसच्या क्रौर्यामागेंही एक दीर्घकाळ जपलेलें गुपित उघडकीस येतें, आणि प्रश्न अधिकच अवघड होतो.

शत्रूचें चित्रणही तितकेंच विचारपूर्वक केलेलें आहे. भूगर्भांत राहणारे बग्नाराक प्रथम निव्वळ संहारक भासतात. मनुष्य व बग्नाराक या दोहोंचें रक्त असलेला जेरामी कथेंत येतो, तेव्हां इतिहासांतून पुसलेली एक बाजू समोर येते. पुढें तोच बग्नाराकांचा राजा होतो. ज्यांस केवळ मारावयाचें, त्यांच्याशीं तह करावयास लावणारी ही कथा मुलांस नकळत एक मोठा धडा देते.

अभिनेत्यांच्या पाठीमागें भव्य एलईडी पडदे उभारून त्यांवर संगणकानें निर्मिलेलीं नगरें दाखविण्याची योजना केल्यामुळें प्रत्येक राज्यास स्वतंत्र रूप लाभलें आहे. तथापि गुण सांगतांना दोष झांकूं नयेत. डोंगर-माळावर प्रत्यक्ष केलेल्या चित्रणाचा मोकळेपणा या दृश्यांत क्वचित् जाणवतो. नांवांची व घटनांची गर्दी इतकी कीं एखादा भाग चुकल्यास सूत्र हातचें सुटतें. उत्तरार्धांतील दागदेद हा विश्वाचा राजा म्हणविणारा खलनायक केवळ आपल्या लहरीखातर संहार करतो. राक्लेससारख्या गुंतागुंतीच्या पात्रापुढें तो उथळ वाटतो.

असें असूनही या मालिकेचें यश मोठें आहे. सत्ता ही उपभोगण्याची वस्तु नसून दुसऱ्यांसाठीं वाहावयाचें ओझें आहे, हें ती उपदेशानें सांगत नाहीं. पात्रांच्या वर्तनानें दाखविते. खेळण्यांतली तलवार घेऊन घरांत राजा होणाऱ्या मुलास कोणी तरी विचारावें कीं, तुझ्या राज्यांत सर्वांत दुबळा कोण, आणि त्याच्यासाठीं तूं काय करणार? हा प्रश्न त्यास सुचावा, इतकें बळ या कथेंत निश्चित आहे.