फिरती सळई आणि झांकणाची शेगडी

भांडें घडविण्याची कला अवगत होण्यापूर्वींच मनुष्य विस्तवावर अन्न भाजून खाऊं लागला होता. परंतु उघड्या निखाऱ्यांवर भाजण्यांत एक मोठी अडचण आहे. विस्तवाकडील बाजू करपते आणि आंतील भाग मात्र कच्चा राहतो. मक्याचें कणीस भाजतांना आपण तें हातानें सारखें फिरवितों, तें ह्याच कारणानें. हीच साधी युक्ति सबंध कोंबडीस किंवा मांसाच्या मोठ्या तुकड्यास लावावयाची झाल्यास तो पदार्थ सळईवर ओंवून विस्तवाजवळ फिरत ठेवावा लागतो. ह्या रीतीस 'रोटिसरी' म्हणतात. हा शब्द 'भाजणें' ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला आहे; आपल्या रोटीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेंत पुष्कळ घरांच्या अंगणांत आढळणाऱ्या कोळशाच्या झांकणाच्या शेगडीवर ही क्रिया कशी होते, व तींत कोणते शास्त्रीय नियम दिसून येतात, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सळई फिरविण्याचें काम दिसावयास सोपें, पण करावयास फार कष्टाचें. इंग्लंडांतील हॅम्पटन कोर्ट राजवाड्यांत आठव्या हेन्रीच्या पाकशाळेंतील प्रचंड चुली अजून पाहावयास मिळतात. मोठ्या घराण्यांतून अशा चुलींपुढें तासन् तास बसून सळया फिरविण्याचें काम नोकरांकडे, पुष्कळदां लहान पोरांकडे, असे. पुढें त्यांच्या जागीं कुत्रे आले. भिंतीवर बसविलेल्या चाकांत आखूड पायांचा कुत्रा चालत राही, आणि चाकास जोडलेली सळई फिरत राही. वेल्समधील अ‍ॅबरगव्हेनी येथील संग्रहालयांत अशा एका कुत्र्याचें पेंढा भरलेलें शरीर जतन करून ठेविलें आहे. लिओनार्दो द व्हिंची ह्यानें १५ व्या शतकाच्या अखेरीस एक निराळी योजना रेखाटली. धुराड्यांतून वर चढणाऱ्या उष्ण हवेनें पंखा फिरावा, व पंख्यानें सळई फिरवावी, अशी ती होती. विस्तव प्रखर झाला कीं सळईहि जलद फिरावी, म्हणजे पदार्थ करपण्याचें भय आपोआप कमी व्हावें, ही तींतील खुबी. आज हें सर्व काम विजेची एक लहानशी मोटार करिते. ज्या यंत्रानें मुलांच्या व मुक्या प्राण्यांच्या अंगावरील कष्ट दूर केले, तें क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

आतां शेगडीकडे वळूं. शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स ह्या कारखान्यांत पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. तेथील जॉर्ज स्टीफन हे उघड्या शेगडीवर वाऱ्यामुळें होणाऱ्या त्रासास कंटाळले होते. १९५२ सालीं त्यांनीं बोयाच्या अर्ध्या गोलाची शेगडी बनवून तिला पाय लाविले, व तिजवर घुमटासारखें झांकण बसविलें. तीच 'केटल ग्रिल' होय. तिचा नेहमींचा व्यास सुमारें २२ इंच असतो. तळाशीं व झांकणावर हवेसाठीं छिद्रें असून तीं कमी-जास्त उघडतां येतात. सळई लावावयाची असतां शेगडी व झांकण ह्यांच्यामध्यें एक धातूचें उंच कडें बसवितात. सळई त्याच्या खांचांत टेकते व मोटार त्याच्या एका बाजूस अडकविली जाते.

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण अशा तीन मार्गांनीं जाते, हें विद्यार्थ्यांनीं शाळेंत शिकलेलें असेलच. येथें तिन्ही एकाच वेळीं दिसतात. लाल निखाऱ्यांपासून प्रारणानें उष्णता पृष्ठभागावर येते. झांकणाखालीं कोंडलेली उष्ण हवा अभिसरणानें पदार्थास सर्व बाजूंनीं वेढते. आणि पृष्ठभागावरील उष्णता वहनानें हळूहळू आंत शिरते. मांसांतून उष्णतेचें वहन फार मंद होतें. म्हणून पृष्ठभागास मधूनमधून विसांवा मिळाला पाहिजे. फिरणारी सळई तो विसांवा देते. प्रत्येक भाग क्षणभर निखाऱ्यांसमोर येतो व लगेच दूर जातो. शिवाय वितळलेली चरबी व रस एका बाजूनें गळून न जातां बराचसा अंगावरच फिरत राहतो, त्यामुळें पदार्थ कोरडा पडत नाहीं.

कृति अशी. कोंबडी पुसून कोरडी करावी व मीठ-मसाला लावावा. पृष्ठभाग ओला असेल तर उष्णता पाणी आटविण्यांतच खर्च होते आणि तांबूस रंग व खमंग वास उशिरा येतो. हा रंग व वास ज्या क्रियेनें येतो तिचें वर्णन लुई कामिय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं केलें. पंख व पाय सुती दोऱ्यानें घट्ट बांधावे, आणि सळई बरोबर मध्यांतून घालून दोहों बाजूंच्या कांट्यांनीं पक्की करावी. नंतर सळईचीं टोकें दोन्ही तळहातांवर सैल धरून पाहावीं. एखादी बाजू जड असेल तर ती आपोआप खालीं येते. असा तोल बिघडला असतां मोटार अडखळते व भाजणें असमान होतें.

कोळशांवर करडी राख धरली म्हणजे त्यांचे दोन ढीग सळईच्या दोहों बाजूंस करावे. मधोमध, कोंबडीच्या खालीं, थोडें पाणी घातलेलें पसरट भांडें ठेवावें. चरबी निखाऱ्यांवर न पडतां त्यांत पडते, व ज्वाळा उठत नाहींत. मग झांकण लावावें. छिद्रें उघडलीं कीं विस्तव वाढतो, मिटलीं कीं मंदावतो. वारंवार झांकण उघडून पाहणाऱ्याचें अन्न मात्र उशिरा शिजतें. साधारण दीड किलोची कोंबडी सव्वा ते दीड तासांत तयार होते. परंतु रंगावर विश्वास ठेवूं नये. मांडीच्या व छातीच्या जाड भागांत उष्णतामापक घालून तेथील उष्णतामान ७४ अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करावी. मापकाचें टोक हाडास किंवा सळईस लागूं देऊं नये.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांनीं, विशेषतः पालकांनीं, मनावर घ्यावी. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट दृढपणें जखडला जातो. म्हणून ही शेगडी उघड्यावरच पेटवावी, आणि स्वयंपाक आटोपल्यावरहि कोळसे पूर्ण विझेपर्यंत घरांत आणूं नये. सर्व छिद्रें मिटलीं कीं विस्तव हळूहळू विझतो, पण त्यास कांहीं तास लागतात. आपल्याकडेहि थंडींत दारें-खिडक्या लावून खोलींत शेगडी पेटती ठेवल्यामुळें माणसें झोपेंतच दगावल्याचीं वृत्तें येतात. शेगडी अमेरिकेची असो वा आपल्या घरची, नियम तोच आहे. कोळशाजवळ बसलेल्याचें डोकें दुखूं लागलें, घेरी किंवा मळमळ आली, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत न्यावें व विलंब न करितां वैद्यकीय मदत मिळवावी.