घर बांधताना (लेखांक ५) : लाइट आल्यावर काय काय चालू व्हावं?

मागच्या आठवड्यात अर्थिंग आणि डीबीचं झालं. आता दिवे, बटणं आणि मोबाइल.

शिरूर-दौंडच्या माणसाला मोबाइलवरून वीज चालू-बंद करण्याचं नवल सांगायला नको. या भागात ती सोय बंगल्याच्या आधी विहिरीवर पोचली. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ साध्या फोनवरूनही मोटर चालू करायचं, आणि तिकडे लाइट आहे की नाही हेही कळवायचं. त्याहून जुना आहे तो ऑटो स्विच. लाइट आली की मोटर आपोआप चालू, मालक झोपेत. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की रोहित्राचं काय होतं, हे भीमा-घोडकाठच्या ऊसवाल्यांनी पाहिलं आहे. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत असतं ते त्यामुळेच.

घरातल्या स्मार्ट दिव्यालाही हाच प्रश्न विचारायचा : गेलेली लाइट परत आली की तू काय करणार? स्मार्ट बल्बच्या किंवा बटणामागे बसणाऱ्या स्मार्ट मॉड्यूलच्या ॲपमध्ये त्यासाठी बहुधा तीन पर्याय असतात. चालू हो, बंद राहा, किंवा आधी जसा होतास तसा हो. अनेक स्मार्ट बल्ब कारखान्यातून ‘चालू हो’वर ठरवून येतात. म्हणजे रात्री दोनला गेलेली लाइट तीनला आली की सगळं घर लख्ख. झोपायच्या खोलीला ‘बंद राहा’, जिना आणि अंगणाला ‘आधी जसा होतास’ एवढं ठरवा. खरेदीच्या आधी दुकानदाराला ही सेटिंग दाखवायला सांगा. एक कोटी साठ लाख रंगांचं कौतुक त्यानंतर ऐकू.

स्मार्ट बल्ब की बटणामागचं मॉड्यूल? माझं मत मॉड्यूलच्या बाजूने आहे. बल्ब स्मार्ट असला तरी आजी झोपताना भिंतीवरचं बटण बंद करणारच, आणि तिचं काही चुकत नाही. बटण बंद झालं की बल्बचा पुरवठाच तुटतो, मग मोबाइलवर कितीही बोटं फिरवा. मॉड्यूल बटणाच्या मागे बॉक्समध्ये बसतं, बटण नेहमीसारखं चालतं आणि मोबाइलही चालतो. इंटरनेट बंद पडलं तरी बटणाने दिवा लागतोच.

पण त्या मॉड्यूलला जगायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, आणि खरी अडचण इथे आहे. ज्या बोर्डावर सॉकेट असतं तिथे न्यूट्रल आलेला असतो. पलंगाशेजारचं टू-वे बटण, जिन्याच्या वरचं बटण, ओट्यावरचं एकटं बटण अशा ठिकाणी मात्र वायरमन फक्त फेजच्या वायरी उतरवतो, कारण साध्या बटणाला न्यूट्रलचं कामच नसतं. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती आपल्यापुरता करंट दिव्यातूनच चोरतात. कमी वॉटचा एलईडी मग बंद असतानाही मंद मिणमिणतो किंवा लुकलुकतो. त्यापेक्षा आताच प्रत्येक बॉक्समध्ये काळी वायर उतरवून घ्या, आज मॉड्यूल घेणार नसलात तरी. वायर ओढायला लागणारा खर्च किरकोळ आहे. प्लास्टर आणि रंग झाल्यावर भिंतीला पुन्हा झिरी मारण्याचा मात्र नाही. बॉक्सही खोल घ्या. उथळ बॉक्समध्ये मॉड्यूल कोंबलं की वायरी दबतात, जोड सैल होतो, आणि सैल जोड तापतो.

न्यूट्रलचं आणखी एक पथ्य. ज्या आरसीसीबीतून फेज गेला, त्यातूनच त्याचा न्यूट्रल परत यायला हवा. इन्व्हर्टरची लाइन ओढताना ‘जवळचा न्यूट्रल’ घेतला की दिवा लावताच ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी पडते. मग कोणीतरी ती बायपास करतो आणि घराचं संरक्षणच संपतं. त्यामुळे इन्व्हर्टरवर कोणते दिवे, कोणते पंखे हे स्लॅब भरायच्या आधी ठरवा. राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइट गेली की दिवे जळतील पण मोबाइलला त्यांचा पत्ता लागणार नाही. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो ना, तेही बघा. बरीच मॉड्यूल तेवढीच भाषा जाणतात.

वीज वाचेल म्हणून हे सगळं करत असाल तर आधी हिशेब करा. ९ वॉटचा बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट. मॉड्यूल स्वतः सतत एक वॉट खात असेल तर महिन्याला ०.७२ युनिट. वाचवणार काय आणि खर्चणार काय! बचत हवी असेल तर पंखे बघा. साधा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी तीसच्या आसपास. फक्त बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लावू नका.

मग मॉड्यूल कुठे घ्यावं? जिथे उठून जाणं नको वाटतं तिथे. वस्तीवरच्या घराला अंगणाचा दिवा ही चैन नाही. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची दहशत आहे. उजेडाला बिबट्या बिचकेलच असं नाही, पण दार उघडण्याआधी घरातून, अगदी अंथरुणातून, अंगण दिसलं पाहिजे. हालचालीवर लागणारा सेन्सर फाटकाशी लावा. गोठ्याकडे तोंड केलंत तर गुरं रात्रभर दिवा नाचवतील. रांजणगाव नाहीतर कुरकुंभला रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी हाच दिवा सूर्यास्ताला लागून पहाटे बंद होईल असा वेळेवर लावता येतो.

बोअरची मोटर आणि गीझर मात्र या छोट्या मॉड्यूलवर घालू नका. २००० वॉटचा गीझर ९ ॲम्पिअरच्या आसपास ओढतो, आणि मॉड्यूलवर छापलेले १० ॲम्पिअर तासभर तापत राहायला पुरत नाहीत. मोटरीला तर सुरुवातीचा झटका असतो. तिथे मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि मोटरीचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. आणि ती मोटर लाइट आल्यावर आपोआप उठणार नाही, एवढं स्वतः मेन बंद-चालू करून बघा.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा पाइप दिसेल असा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढच्या आठवड्यात नवं मीटर आणि ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट.