पेशीच्या दारावरील परवाना

मानवी रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यानंतर प्लीहेतील व यकृतातील भक्षकपेशी तिला गिळून टाकतात आणि तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. मात्र अगणित पेशींच्या गर्दीतून कोणती गिळावयाची व कोणती सोडावयाची, हे भक्षकपेशीस कसे उमगते?

देवडीवरील पहारेकरी परवाना पाहून वाट देतो, तसाच हा प्रकार आहे. पेशीच्या आवरणावर 'सीडी-४७' अशा काहीशा रुक्ष नावाचे एक प्रथिन असते. भक्षकपेशीवरील 'सिर्प-अल्फा' या प्रथिनाशी त्याची गाठ पडली, की भक्षण थांबते. हा परवाना नसलेल्या तांबड्या पेशी निरोगी उंदरांच्या रक्तात सोडल्या असता प्लीहेत त्यांचा झपाट्याने फडशा पडतो, असे २००० साली दिसून आले.

अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी निर्माण होतात. या मूलपेशी प्रसंगी मज्जा सोडून रक्तप्रवाहात उतरतात, आणि वाटेत भक्षकपेशी असतातच. अशा प्रवासाच्या सुमारास मूलपेशी आपल्यावरील सीडी-४७ वाढवितात, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आयर्व्हिंग वाइसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली उंदरांत दाखविले. त्याच वर्षी दुसरी, अधिक चिंतेची गोष्टही पुढे आली. तीव्र रक्तकर्करोगाच्या पेशीही हाच परवाना मिरवितात, आणि ज्या रुग्णांत त्याचे प्रमाण अधिक, त्यांचे आयुर्मान कमी.

मग परवानाच झाकला तर? त्यासाठी मॅग्रोलिमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनास चिकटणारे औषध, तयार झाले. उंदरांत अशा प्रतिपिंडांनी कर्कपेशी नष्ट केल्या होत्या. परंतु हे प्रथिन निरोगी तांबड्या पेशींवरही असल्याने रुग्णांत रक्तक्षय होऊ लागला. त्यावर युक्ती अशी, की पहिली मात्रा अल्प द्यावयाची; जुन्या पेशी आधी जातात व मज्जा नव्या घडविते. तेवढ्याने मात्र भागले नाही. २०२४ साली तीव्र रक्तकर्करोगावरील मोठी चाचणी थांबवावी लागली. लाभ दिसला नाही, उलट मृत्यूचा धोका वाढलेला आढळला. उंदरांतील यशावरून रुग्णांना आशा दाखविण्याची घाई किती महाग पडते, हे येथे दिसते.

तांबड्या पेशींना धक्का न लावता केवळ कर्कपेशीवरील परवाना झाकील, असे प्रतिपिंड घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत.