करवतीचे दात मोडणारे लाकूड

पश्चिम आफ्रिकेतले इरोको ‘आफ्रिकी साग’ म्हणून विकले जाते. प्रत्यक्षात हे झाड तुतीच्या कुळातले. त्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून होड्या, दारे, फरशीसाठी त्याला मागणी असते. कापताना मात्र करवतीचे दात कधी अचानक मोडतात, कारण खोडात चक्क चुनखडीचे खडे दडलेले असतात! हवेतल्या कार्बनपासून झाड ऑक्झलेट बनवते आणि जिवाणू त्याची चुनखडी करतात. ती मातीतही साठते. लाकूड कुजले तरी तिच्यातला कार्बन दीर्घकाळ तिथेच राहतो. सुताराला खरा धोका भुशाचा. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही जडतो. रंधा मारताना मास्क हवाच. नाकावर बांधलेला रुमाल पुरत नाही.