राज्यघटनेत नसलेली भिंत

अमेरिकेत चर्च आणि सरकार यांच्यामध्ये भिंत आहे, असं आपण नेहमी ऐकतो. पण तिथली राज्यघटना चाळली, तर 'भिंत' हा शब्द त्यात कुठेच सापडत नाही. मग ती आली कुठून? सुरुवात व्हर्जिनियापासून करू.

तिथे पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवायचा घाट घातला होता. 1785 मध्ये जेम्स मॅडिसन यांनी तो हाणून पाडला. पुढच्याच वर्षी थॉमस जेफर्सन यांच्या मसुद्याचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला.

1791 मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. तिच्यात धर्माबद्दल दोन गोष्टी आहेत. एक, सरकारने कुठलाही धर्म 'सरकारी' करायचा नाही. दोन, कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही.

बहुतेकांची गल्लत इथेच होते. ही बंदी फक्त काँग्रेसवर, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळावर होती. राज्यं मोकळी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये तर चर्चसाठीचा कर 1833 पर्यंत चालू होता!

'भिंत' आली ती एका पत्रातून. कनेक्टिकटमध्ये एका पंथाच्या चर्चला राजमान्यता होती आणि डॅनबरीचे बाप्टिस्ट पंथाचे लोक तिथे अल्पसंख्य होते. त्यांच्या गाऱ्हाण्याच्या पत्राला 1802 च्या 1 जानेवारीला उत्तर लिहिताना राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी हा शब्द वापरला. गाऱ्हाणं मांडणारे हे लोक चांगले श्रद्धाळू होते, हे आपण सहसा विसरतो.

राज्यांना वेसण घालायची वाट 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मोकळी केली. रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय राज्यांनी कुणाचं स्वातंत्र्य हिरावायचं नाही, असं तिने सांगितलं. या वाक्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने केंद्रावरची बंधनं एकेक करून राज्यांनाही लावली. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य 1940 मध्ये लागू झालं, 'सरकारी धर्म नको' हा नियम 1947 मध्ये.

1947 चा तो खटला मोठा मजेशीर आहे. न्यू जर्सीत कॅथलिक शाळांतल्या मुलांच्या पालकांनाही बसभाड्याची भरपाई सरकारी पैशातून मिळत होती. न्या. ह्युगो ब्लॅक यांनी भिंत उंच आणि अभेद्य असायला हवी असं ठणकावलं आणि त्याच निकालात, 5 विरुद्ध 4 मतांनी, भाड्याचे पैसे मंजूर केले.

1962 च्या निकालाबद्दलही गैरसमज फार. न्यूयॉर्कमध्ये सरकारी मंडळाने 22 शब्दांची प्रार्थना शाळांसाठी रचली होती. न्यायालयाने ती थांबवली. परीक्षेआधी एखाद्या मुलीने मनातल्या मनात हात जोडले, तर त्याला बंदी तेव्हाही नव्हती, आजही नाही.

अडचण होते ती शिक्षक स्वतः प्रार्थना करतो तेव्हा. वॉशिंग्टन राज्यातल्या एका सरकारी शाळेचा फुटबॉल कोच सामना संपला की मैदानावर गुडघे टेकायचा. 2022 मध्ये न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. ही त्याची खाजगी, शांत प्रार्थना आहे, असं बहुमताने मानलं. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी मात्र आपल्या विरोधी मतात छायाचित्रंच जोडली. त्यांत मधोमध कोच आहे आणि भोवती गुडघे टेकलेले खेळाडू.