सातबारा कागदावर कसा उतरतो

परळ-लालबागच्या चाळींतून अशीं बिऱ्हाडें पुष्कळ आहेत, ज्यांची चार गुंठे जमीन कोंकणांत वा घाटावर असून तिच्या सातबाऱ्यावर आजोबांचें किंवा थोरल्या चुलत्यांचें नांव लागलेलें आहे. गिरण्या चालू होत्या त्या काळीं हा उतारा हवा झाला, म्हणजे रजा काढून, रात्रीची गाडी धरून गांव गांठावें लागे. आणि तलाठी भाऊसाहेब नेमके त्याच दिवशीं सजाच्या दुसऱ्या गांवीं गेलेले असत. 1 मे 2018 रोजीं महाराष्ट्र शासनानें डिजिटल सहीचा सातबारा देण्यास आरंभ केला. आतां 15 रुपये भरले कीं तोच उतारा लालबागच्या खोलींत बसून काढतां येतो. तो तयार कसा होतो, हें समजून घेणें मनोरंजक आहे, आणि उपयुक्तहि आहे.

संगणकांत सातबाऱ्यांची चळत रचून ठेविलेली असते, अशी सामान्य समजूत दिसते. वस्तुतः अशा व्यवस्थेंत असतात ते तक्ते: कोठें खातेदारांचीं नांवें, कोठें क्षेत्र व आकार, कोठें कर्जाचे बोजे, कोठें पिकें. ह्या मांडणीस डेटाबेस म्हणतात. मागणाऱ्यानें जिल्हा, तालुका, गांव आणि गट क्रमांक सांगितला, म्हणजे त्या खुणेनें निरनिराळ्या तक्त्यांतील ओळी गोळा होतात आणि गांव नमुना सात व बारा यांच्या रिकाम्या चौकटींत जाऊन बसतात.

एवढ्यानें काम भागत नाहीं. पडद्यावरचें पान पाण्यासारखें. ज्या भांड्यांत ओतावें त्याचा आकार घेतें. मोबाईलवर त्याच्या ओळी एका ठिकाणीं तुटतात, मोठ्या पडद्यावर दुसऱ्या. सरकारी नमुन्यास हें चालत नाहीं, म्हणून तो पीडीएफ ह्या स्वरूपांत बांधतात. अमेरिकेंतील ॲडोबी कंपनीनें 1993 सालीं हें स्वरूप बाहेर आणलें व 2008 सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक झालें. त्यांत प्रत्येक अक्षराची जागा, इंचाचे 72 भाग कल्पून, मोजून दिलेली असते. अक्षरांचे साचेहि फाईलच्या पोटांतच ठेवतां येतात. त्यामुळें दादरच्या झेरॉक्सवाल्याकडे मराठी फॉन्ट नसला तरी बिघडत नाहीं.

मराठीची अडचण ह्यापुढची आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यांत, जो मुंबईंत 1869 सालीं निघाला, ‘शिवराम’ हें नांव जुळवावयाचें, तर ऱ्हस्व वेलांटीचा खिळा ‘श’च्या अगोदर ठेवावा लागे, कारण ती दिसते अगोदर. संगणक उच्चाराचा क्रम पाळतो: आधीं ‘श’, मग वेलांटी. पान बांधणाऱ्या प्रोग्रामला हा उलटफेर साधला नाहीं, तर वेलांटी ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसते, आणि बिचाऱ्या ‘विठ्ठला’चा पाय मोडतो. हसूं येण्यासारखी गोष्ट खरी. पण बँकेंतील कारकुनास नांव जुळलें नाहीं, तर हसणाऱ्याचेंच कर्जप्रकरण अडतें.

सहीविषयींहि गैरसमज फार. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें डिजिटल सहीस मान्यता दिली. ही सही म्हणजे शाईची रेघ नव्हे. मजकुरावरून गणितानें काढलेली ती मोहोर होय, आणि मागाहून एक आंकडा जरी बदलला तरी ती जुळत नाहीं. मात्र ही परीक्षा फाईलची. एकदां छापलें कीं उरतो कागद, आणि कागदावर खाडाखोड करून त्याची पुन्हां झेरॉक्स काढणें पूर्वींइतकेंच सोपें आहे. म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापतात. जमीन घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या हातांतील प्रतीवर न विसंबतां तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. सहीची तारीखहि वाचावी. तिच्यानंतर एखादा फेरफार मंजूर झाला असेल, सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला असेल, तर जुन्या पानास त्याची वार्ता नसते.

आणि मूळ नोंदच चुकलेली असेल तर? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार! वारसनोंदींत एखाद्या बहिणीचें नांव राहून गेलें, तर सुबक छापलेल्या सातबाऱ्यावरहि तें राहूनच जाईल. आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणें, उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरली जाते. लेखनांतील प्रमाद कलम 155 खालीं दुरुस्त होतात. वारसाच्या हक्काचा वाद असेल, तर प्रांताच्या कचेरींत अपील, सुनावणी, तारखा हें सारें ओघानें आलेंच. त्यासाठीं मात्र रात्रीची गाडी अजूनहि धरावीच लागते.