डोईवरचे पीक आणि त्याची लावणी

टक्कल ही काही नव्या काळाची देणगी नव्हे. रोमच्या सिनेटने ज्यूलियस सीझरला जे अनेक मान दिले, त्यांपैकी पानांचा मुकुट सदैव घालण्याचा मान त्याला सर्वांत प्रिय होता, कारण त्याखाली त्याचे टक्कल झाकले जाई, असे त्याच्या चरित्रकाराने, सूटोनियसने, लिहून ठेवले आहे. आपल्याकडे भर्तृहरीने नीतिशतकात एका खल्वाट माणसाला उन्हाने त्रस्त करून झाडाखाली आणले आणि नेमके त्याच्याच डोक्यावर वरून फळ पाडले. दैव दुष्ट असते हे दाखवायला महाकवीलासुद्धा टकलासारखे सोयीचे डोके सापडले नाही!

पण आपल्या आजोबा-पणजोबांना या गोष्टीचे दुःख असल्याचे कधी ऐकिवात नाही. याचे कारण त्यांचे वैराग्य नव्हे, तर त्यांचा वेष. ज्या काळी घेरा राखून आणि शेंडी ठेवून बाकीचे डोके न्हाव्याकडून तुळतुळीत करून घेत, त्या काळी कोणाचे केस आपण होऊन गेले आणि कोणाचे वस्तऱ्याने गेले, हे ओळखणार कोण? शिवाय त्यावर पगडी, पागोटे, नाहीतर टोपी. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी 2020 सालापर्यंत आमच्या पहूरवरून जात असे. माझ्या लहानपणी तिच्या डब्यात शिरले, की एकजात टोप्या आणि फेटेच दिसत. उघड्या डोक्याने हिंडणे हे तेव्हा घरात कोणी गेल्याचे लक्षण मानीत. पुढे टोपी गेली, डोके उघडे पडले, आणि मग त्या डोक्यावर काय आहे व काय नाही, याची मोजदाद सुरू झाली. टक्कल जुनेच, त्याची लाज मात्र नवी आहे.

या लाजेचा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आला. माझा पुतण्या अठ्ठावीस वर्षांचा. पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर. मुलगा गुणी, निर्व्यसनी, पगार चांगला. पण कपाळ दर दिवाळीला बोटभर मागे सरकलेले. दोन स्थळांकडून फोटो पाहूनच नकार आला होता. कारण कोणी सांगितले नाही. पण न सांगितलेले कारण अधिक बोचते. तो पहूरला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, मी केस लावून घ्यायचं म्हणतोय. नानांना तुम्ही सांगा.”

नाना म्हणजे त्याचे वडील आणि माझे थोरले बंधू. सांगितलेला खर्च लाखाच्या वर होता. म्हणजे आमच्या केळीच्या दोन एकरांना ठिबकच्या नव्या नळ्या टाकण्याइतका. परंतु नानांना लागले ते पैशाचे नव्हे. त्यांचे स्वतःचे डोके पस्तिशीतच मोकळे झालेले. ते एवढेच म्हणाले, “घर माझ्याकडून घेणार, शेत माझ्याकडून घेणार, आणि डोकं तेवढं नको?” सगळे हसले. नाना हसले नाहीत.

तेव्हा मी ठरविले, की सल्ला देण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा. डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे समजले ते येथे देतो. कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही.

पहिली गोष्ट, केस का जातात? माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे ही सामान्य गोष्ट आहे. तेवढेच पुन्हा येतात. पुरुषांच्या टकलात केस नुसता गळत नाही. त्याचे मूळच दर फेरीला बारीक होत जाते. जाड केसाच्या जागी लव येते आणि शेवटी तीही दिसेनाशी होते. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन याने 1942 साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी ज्यांची पुरुषग्रंथी गेलेली असते, त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुषी संप्रेरक टोचले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे संप्रेरक आणि वारसा या दोघांची ही भागीदारी. टक्कल आईकडूनच येते, ही समजूत अर्धीच खरी. त्यातला एक महत्त्वाचा धागा आईकडून येतो हे खरे; पण बाकीचे अनेक धागे दोन्ही घराण्यांतून येतात. टोपीने टक्कल पडत नाही, बुद्धी वाढल्याने पडत नाही, आणि तेलाने थांबतही नाही. अभ्यंगस्नानाचे तेल अवश्य लावावे. मात्र त्याच्याकडून अपेक्षा सुवासाचीच ठेवावी.

दुसरी गोष्ट, सगळेच टक्कल वारशाचे नसते. 2024च्या डिसेंबरअखेरीस आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी मुठीमुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोके साफ! पुरुषांचे गेले, बायकांचे गेले, शाळेतल्या मुलामुलींचेही गेले. आरोग्य खात्याची धावपळ झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रोग्यांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आढळले, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. पुढे अनेकांचे केस पुन्हा येऊ लागले. पण मधल्या काळात त्या गावांची जी कुचंबणा झाली ती विसरण्यासारखी नाही. मुली शाळेत जाईनात, ठरणारी लग्ने अडली, बाहेरचे लोक गावात पाऊल टाकायला भिऊ लागले. टक्कल म्हणजे थट्टेचा विषय असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आठवावे.

यातून घ्यायचे ते एवढेच, की केस एकदम किंवा चकत्याचकत्यांनी जात असतील, मोठ्या तापानंतर जात असतील, तर आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे. कारण सापडले तर केस बहुधा परत येतात. तेथे लावणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

वारशाच्या टकलावर खरी औषधे दोनच, आणि दोन्ही मुळात दुसऱ्याच आजारांसाठी आलेली. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांचे डोळे चमकले. 1988 साली अमेरिकेत ते पुरुषांच्या डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले. फिनास्टेराइड हे प्रोस्टेट ग्रंथीसाठी 1992 साली आले आणि 1997 साली कमी मात्रेत टकलासाठी मंजूर झाले. दोन्ही औषधांचा स्वभाव एक : आहे ते राखतात, थोडे परत आणतात, आणि बंद केली की मिळविलेले हळूहळू जाते. फिनास्टेराइडमुळे काही थोड्या पुरुषांना कामेच्छा मंदावल्याचा त्रास होतो. म्हणून ते शेजाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आता लावणी. जपानच्या डॉ. ओकुदा यांनी 1939 साली केसांसह कातडीचे बारीक तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी लावून दाखविले. पण महायुद्धाच्या गडबडीत ते जगापुढे आले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी 1952 साली टकलावर हा प्रयोग केला आणि 1959 साली तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे, की डोक्याच्या मागच्या भागातील केस पुढे आणून लावले, तरी ते आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीत. मागे टिकणारे केस पुढेही टिकतात. सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. पूर्वी मोठाले तुकडे लावीत, म्हणून डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. आता एक ते चार केसांचे एकेक मूळ सुटे काढून लावतात.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कांद्याचे रोप आपण वाफ्यातून उपटून शेतात लावतो. त्याने शेत हिरवे दिसते, पण रोपांची संख्या वाढत नाही. वाफ्यात जेवढे रोप, तेवढीच लावण. डोक्याचा वाफा मागचा. त्यातून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार मुळे निघतात. एकदा काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही. लावल्यावरही धीर धरावा लागतो. काही आठवड्यांत लावलेले केस गळून जातात, तीन-चार महिन्यांनी नवे डोकावू लागतात, आणि पुरते रूप दिसायला वर्ष जाते.

खरी मेख पुढेच आहे. लावलेले केस टिकतात. पण शेजारचे मूळचे केस जातच राहतात. पंचविशीत कपाळावर दाट रांग लावून घेतली आणि चाळिशीत मागचे मैदान झाले, की पुढे रांग, मध्ये ओसाड आणि मागे झालर, असा देखावा होतो. तोवर वाफाही रिता झालेला असतो. म्हणूनच जाणते डॉक्टर तरुणांना आधी थांबवितात. जो पहिल्याच भेटीत तारीख देतो आणि आगाऊ रक्कम मागतो, त्याच्यापासून चार पावले दूर राहावे. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार आपण विश्वासघातासाठी वापरतो. काही जाहिराती वाचताना तो शब्दशः खरा वाटू लागतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. 2019च्या मार्चमध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस लावून घेतले, आणि एक-दोन दिवसांत तो दगावला. अशा घटना अन्यत्रही घडल्या. 2022च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम सांगितले : हे काम सुघटन शल्यविशारदाने किंवा यात शिकलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने करावे, एखादी कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूब बघून ते शिकल्याचे मानता येणार नाही. नियमाला असे लिहावे लागते, यावरूनच बाजार कसा चालला असेल ते ओळखावे. तेव्हा विचारायचे प्रश्न सोपे आहेत. सुरी कोणाच्या हातात असणार? त्याची पदवी कोणती? एकाएकी काही बिघडले तर प्राणवायू आणि इस्पितळ किती जवळ आहे? या प्रश्नांनी जो रागावेल, तेथून उठून यावे.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो ऐकत होता. पण त्याचे मन स्थळांपाशीच अडकले होते. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, ज्या इतका वेळ करंज्या तळीत होत्या, म्हणाल्या, “लावायचे तर लाव. पण मुलीकडच्यांना आधी सांगशील ना?”

तो गप्प झाला. प्रश्नाचे खरे हाड तेथे होते. लावलेले केस ही चोरी नव्हे. कोणी दात बसवितो, कोणी चष्मा लावतो. पण जे केस दाखवून होकार मिळवायचा, ते कसे आले हे लपविले, तर संसाराची सुरुवात एका गुपिताने होते. आणि हे गुपित मुलाबाळांच्या डोक्यावर कधी ना कधी उघडे पडते! 2019 साली हिंदीत ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ असे दोन चित्रपट टकलाच्याच विषयावर पाठोपाठ आले. म्हणजे हे दुःख किती घरांत असेल ते पाहा.

लावणी करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. वय स्थिरावलेले, केसांची गळ थांबलेली, मागचा वाफा चांगला, पैसा स्वतःचा आणि अपेक्षा माफक, अशा माणसाने योग्य हातांकडून ती करून घेतली, तर त्याला समाधान मिळते. आरशात पाहून माणसाला दिवसभर बरे वाटत असेल, तर ते समाधान खोटे कसे म्हणावे? फक्त लोकांच्या हसण्याला भिऊन, कर्ज काढून, घाईने ती करू नये.

आणि न करणाऱ्यांनाही मार्ग आहे. उरलेल्या चार केसांना एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे ओढीत नेण्याची केविलवाणी कसरत सोडून सरळ बारीक केस ठेवावेत, नाहीतर वस्तरा फिरवावा. पहूरहून तासाभराच्या आत अजिंठ्याची लेणी लागतात. तेथील भिंतींवर राजपुरुषांच्या कुरळ्या बटा चितारणाऱ्यांनी काय कमाल केली आहे! पण ज्यांच्यासाठी ती लेणी कोरली गेली, ते भिक्षू मात्र आपण होऊन मुंडण केलेले. केसांचे सौंदर्य भिंतीवर पाहत ते मुंडित माणसे तेथे राहिली, यात मला मोठी मौज वाटते.

पुतण्याने अखेर काय केले? त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनी औषध देऊन वर्ष-दोन वर्षे थांबायला सांगितले. लावणीचा विचार तिशीनंतर. दुसरे म्हणजे, स्थळांना पाठवायचा जुना, दाट केसांचा फोटो त्याने काढून टाकला आणि आजचा पाठविला. लग्न अजून ठरलेले नाही. एका मुलीकडून भेटीचा निरोप आहे. नानांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, “माझ्यासारखाच दिसतो लेकाचा.” या वेळी ते हसले.

वाचकहो, डोक्यावर काय ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्यासाठी डोक्यात काही असावे लागते, आणि त्याची लावणी करणारा डॉक्टर अजून निघायचा आहे.